मदत हवी आहे: मे महिन्यात उघडणारी भेग, पाया खचतोय की नुसतं प्लास्टर?

नवतपा सुरू आहे, डोकं आधीच तापलंय, त्यात घराने हे काढलं.

घर नागपुरात मानेवाड्याकडे, २००९ चं. कॉलम नाहीत, नऊ इंची विटांच्या भिंती आणि वर स्लॅब. २०१७ मध्ये फक्त मागच्या अर्ध्या भागावर एक खोली चढवली. प्लॉटवर काळी माती. पाया साडेतीन फूट खणला होता असं बाबा सांगतात. मुरूम, म्हणजे काळ्या मातीखालचा घट्ट थर, लागेपर्यंत का नाही खणला, असं विचारलं की ते पेपर वाचायला घेतात.

मागच्या बेडरूममध्ये खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून एक भेग तिरपी वर निघाली आहे. खाली केसासारखी, वर छताजवळ रुपयाचं नाणं कडेने आत जातं. त्याच खोलीचं दार चौकटीला वर घासतं, कडी लावायला दार उचलावं लागतं. मागच्या कोपऱ्यात फरशी आणि स्कर्टिंगमध्ये फट पडली आहे. मुलाची गोटी जमिनीवर ठेवली की सरळ त्या कोपऱ्यात जाते. त्याला मजा वाटते, मला नाही.

मिस्त्री म्हणतो, "काही नाही भाऊ, पावसाच्या आधी भरून टाकू, वरून पुट्टी." शेजारचे काका म्हणतात, पाया गेला, घर विका. या दोघांच्या मधलं कोणी सांगेल का?

मुरूमवाला:
तीन गोष्टी आधी सांगा. भेग बाहेरच्या बाजूनेही दिसते का? पावसाळ्यानंतर ती कमी होते का? आणि कुलर कोणत्या बाजूला आहे, जवळपास झाड आहे का? कुलरचं विचारलं म्हणून हसू नका.

धागाकर्ता:
बाहेर जाऊन बघितलं. आहे, आणि विटांच्या सांध्यांमधून पायऱ्या पायऱ्यांनी वर गेली आहे. मागच्या दिवाळीचा फोटो शोधला, आम्ही सगळे त्याच भिंतीपुढे उभे आहोत. झूम केलं तर तिथे फक्त एक बारीक रेघ आहे!

कुलर समोरच्या हॉलच्या खिडकीला, त्याचं पाणी चार महिने खालच्या मातीत ठिबकत असतं. मागच्या कोपऱ्यापासून सात-आठ फुटांवर बाबांनी लावलेला कडुनिंब आहे.

मुरूमवाला:
मग उत्तर बरंचसं तुम्हीच दिलंत. काळी माती पाणी प्यायली की फुगते, सुकली की आकसते. पण घराखाली ती सगळीकडे सारखी सुकत नाही. समोर कुलर तिला ओली ठेवतोय, मागे कडुनिंब पाणी ओढून घेतोय, आणि त्याच मागच्या भागावर तुम्ही २०१७ मध्ये वजन वाढवलंत. साडेतीन फुटांवर माती ऋतूप्रमाणे चांगलीच हलते. म्हणून मागचा कोपरा उन्हाळ्यात खाली बसतो, दिवाळीपर्यंत थोडा वर येतो.

तिरपी भेग वर जाताना ज्या कोपऱ्याकडे झुकते, सहसा तोच कोपरा बसत असतो. तुमची कडुनिंबाकडे झुकते का बघा. वर रुंद, खाली बारीक हेही त्याच्याशी जुळतं. नुसतं प्लास्टर असतं तर जाळीसारख्या बारीक भेगा दिसल्या असत्या, त्या विटेत शिरत नाहीत. स्लॅब आणि भिंत मिळतात तिथली आडवी सरळ भेगही बहुतेक वेळा पायाची नसते, उन्हाने स्लॅब ताणल्याची असते. एसपी २५ मध्ये, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या इमारतींतल्या भेगांवरच्या पुस्तिकेत, २ मिलिमीटरच्या वरच्या भेगेला रुंद म्हटलंय. नाणं जातंय म्हणजे तुम्ही त्याच्या आसपास आहात.

आता काय करायचं: भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खिळा ठोका, वर एक जोडी, खाली एक जोडी. दर पंधरा दिवसांनी व्हर्नियर कॅलिपरने (मिलिमीटरचा दहावा भाग मोजणारी पट्टी) दोन खिळ्यांमधलं अंतर मोजून तारखेसकट लिहा. लोक काचेची पट्टी चिकटवतात, पण ती फुटली की भेग हलली एवढंच कळतं. मिटली का, ते कळत नाही. बाहेरून पाऊस शिरू नये म्हणून लवचिक सीलंट लावा, सिमेंट नको. मिस्त्रीला दिवाळीपर्यंत थांबवा. भेग दर वर्षी उघडून मिटत असेल तर तो एक प्रश्न, मिटतच नसेल आणि वाढत असेल तर दुसरा. दुसरा असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा, कोपऱ्याजवळ खड्डा घेऊन पायाचा तळ बघायला लावा. दार अचानक अडकलं किंवा आठवड्यात भेग दिसण्याइतकी वाढली तर दिवाळीची वाट बघू नका.

संत्रीबर्फी:
आमच्या घरी बी असंच होऊन राहिलं होतं बाप्पा. दोन उन्हाळे भेग भरली, दोन्ही वेळा पुढच्या मे महिन्यात शेजारून नवी निघाली, भरलेली तशीच टणक! शेवटी घराभोवती चार फूट रुंद काँक्रीटचा पट्टा घातला, बाहेरच्या बाजूला उतार देऊन, अन् गच्चीच्या पाण्याचे पाइप लांब नालीत सोडले. भेग आहे अजून, पण जिथल्या तिथे आहे. तुम्ही कडुनिंब तोडायच्या फंदात पडाल तर आधी विचारून घ्या.

धागाकर्ता:
तेच विचारणार होतो. तोडू का?

मुरूमवाला:
एकदम नको. इतकी वर्षं त्याने सुकवलेली माती पुन्हा पाणी घेईल आणि तोच कोपरा वर उचलेल. मग भेगा उलट्या तिरप्या. मोठं झाड तोडायला महापालिकेची परवानगीही लागते. इंजिनिअर येईपर्यंत फांद्या छाटून ठेवा, आणि कुलरचं पाणी आजच नळी लावून नालीत सोडा.

धागाकर्ता:
भेग कडुनिंबाकडेच झुकते. खिळे ठोकले. वरची जोडी ५१.४ मिलिमीटर, खालची ५०.२. कुलरला नळी लावली. बाबांना कडुनिंबाचं सांगितलं, तर पेपर खाली ठेवून म्हणाले, "मुरूम अजून तीन फूट खाली होता. तेव्हा पैसे संपले होते."