ड्रोनच्या कॅमेरा-माउंटसाठी रबर मऊ असावे की कडक? कंपन आणि जोराचा वारा

प्रश्न

15 इंची प्रोपेलर असलेल्या चार मोटरींच्या ड्रोनखाली मी तीन अक्षांचे गिंबल (कॅमेरा मोटरींनी स्थिर धरणारी चौकट) आणि साधारण 600 ग्रॅम वजनाचा कॅमेरा बसवला आहे. ड्रोनची प्लेट आणि गिंबलची प्लेट यांच्यामध्ये कंपन शोषणारे चार रबरी डॅम्पर आहेत. कडक डॅम्पर लावले की व्हिडिओत सरळ रेषा पाण्यातल्या प्रतिबिंबासारख्या थरथरतात. मऊ डॅम्पर लावले की ही थरथर जाते, पण वारा वाढताच सगळे गिंबल डोलू लागते आणि नुकतेच एका डॅम्परचे टोक प्लेटच्या भोकातून निसटले. दोन्ही प्लेटा झिप टायने आवळून बांधल्या तर माउंट सुरक्षित राहील का?

उत्तर 1

प्लेटा आवळू नयेत. टाय ताणलेला असला की रबर दबून कडक होते, शिवाय कंपनाला रबर टाळून थेट टायमधून कॅमेऱ्यापर्यंत जाण्याची वाट मिळते. म्हणजे डॅम्पर असून नसल्यासारखे होतात.

आपल्यापुढे दोन वेगळे त्रास आहेत. या आकाराचे प्रोपेलर स्थिर उड्डाणात मिनिटाला 4500 फेरे घेत असतील, तर पात्यांच्या असंतुलनाचे कंपन 75 हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला 75 वेळा, असते आणि दोन पात्यांमुळे हवेचे धक्के 150 हर्ट्झने बसतात. वाऱ्याच्या झोतांमुळे होणारे डोलणे मात्र सेकंदाला फार तर काही वेळा होते. डॅम्पर आणि त्यावर लटकणारे वजन यांची मिळून स्वतःची एक नैसर्गिक वारंवारता (धक्का देऊन सोडल्यावर ते सेकंदाला किती वेळा हलते ती) असते, आणि बाहेरचे कंपन तिच्या सुमारे 1.4 पटीच्या वर गेल्यावरच रबर ते अडवू लागते. त्याखाली अडवणे तर दूरच, नैसर्गिक वारंवारतेच्या आसपास ते कंपन वाढवते. कडक डॅम्परांची वारंवारता 50 हर्ट्झ असेल, तर 75 हर्ट्झचे कंपन जवळपास तसेच पोहोचेल. ती 20 हर्ट्झ असेल, तर त्याचा दहावा भागही पोहोचणार नाही. याहून मऊ रबर लावून फारसे काही मिळत नाही, उलट माउंट वाऱ्याच्या तावडीत सापडते.

अंदाज घेण्यासाठी, कॅमेरा आणि गिंबल यांच्या वजनाने रबर किती खाली बसते ते मोजावे. 10 हर्ट्झसाठी ते सुमारे अडीच मिलिमीटर असते आणि 20 हर्ट्झसाठी जेमतेम 0.6 मिलिमीटर. प्रत्यक्ष कंपनात रबर थोडे अधिक कडक वागते, त्यामुळे हा आकडा अंदाजापुरताच धरावा.

उत्तर 2

वरील गणिताशी मी सहमत आहे, क्रमाशी नाही. डॅम्पर निवडण्याआधी कंपन जिथे जन्मते तिथेच ते कमी करावे. प्रत्येक प्रोपेलर संतुलन-दांड्यावर ठेवून हलक्या पात्याला चिकटपट्टी लावावी, कडेला चरे पडलेले पाते सरळ बदलावे आणि प्रोपेलर काढून मोटर हाताने फिरवताना बेअरिंग खरखरते का ते पाहावे. ड्रोनचे हात मुळाशी सैल असतील, तर कोणतेही रबर कामाला येणार नाही.

शिवाय ही थरथर रोलिंग शटरमुळे दिसते, कारण सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो. लख्ख उन्हात शटरचा वेग 1/1000 सेकंदावर गेला की प्रत्येक चौकटीत कंपन ठसठशीत उमटते. लेन्सवर एनडी16 हा प्रकाश कमी करणारा काळपट फिल्टर लावल्यास प्रकाश सोळा पटींनी घटतो आणि शटर 1/60 च्या आसपास आणता येते. त्याने कंपन थांबत नाही, ते फक्त अंधुकतेत मिसळते. म्हणून हा उपाय शेवटचा समजावा.

प्रश्नकर्ता

प्रोपेलर संतुलित केल्यावर मधल्या कडकपणाचे डॅम्परही पुरेसे ठरत आहेत. परंतु वाऱ्याविरुद्ध पुढे जाताना गिंबल अजूनही मागेपुढे झुलते. चारही डॅम्पर प्लेटच्या मध्याजवळ आहेत आणि कॅमेरा त्यांच्या बराच खाली येतो.

उत्तर 1

मग दोष रबराचा नसून मांडणीचा आहे. वाऱ्याचा दाब कॅमेऱ्यावर पडतो आणि आधार त्याच्या बराच वर आहे, त्यामुळे तरफेसारखा पीळ बसतो. वेग दुप्पट झाला की हा दाब चौपट होतो, हेही लक्षात घ्यावे. डॅम्पर प्लेटच्या कोपऱ्यांकडे सरकवावेत: त्यांच्यातील अंतर दुप्पट केले, तर तेच रबर ठेवूनही झुलण्याला होणारा विरोध चौपट होतो आणि उभ्या दिशेचा मऊपणा बदलत नाही. शक्य असेल तर कॅमेरा वर घेऊन डॅम्परांच्या पातळीजवळ आणावा. लेन्सचे हूड काढून ठेवल्यानेही दाब कमी होतो. कॅमेरा तिन्ही अक्षांवर तोललेला असला पाहिजे. गिंबलच्या मोटरी बंद असताना तो कोणत्याही कोनात सोडला तरी तिथेच राहावा, नाहीतर वाऱ्याला तोंड देण्यासाठी राखलेली त्या मोटरींची ताकद वजन धरण्यातच खर्च होते.

उत्तर 3

निसटण्याचा मुद्दा मागे पडला आहे आणि खाली माणसे असतील तर तोच सर्वांत महत्त्वाचा. प्रत्येक डॅम्परच्या पोकळीतून किंवा त्याच्या शेजारून मजबूत नायलॉनची दोरी ओवून दोन्ही प्लेटांना बांधावी, पण तिला इतकी ढील द्यावी की रबर नेहमीच्या हालचालीत तिला ताण देणार नाही. एकच दोरी चारही ठिकाणी फिरवू नये, कारण ती तुटली तर सगळाच आधार जातो.

धातूत बसणाऱ्या स्क्रूंना मध्यम ताकदीचा निळा थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) लावावा. तो पॉलिकार्बोनेटसारख्या प्लास्टिकला लागू देऊ नये, कारण त्याने प्लास्टिकला तडे जाऊ शकतात; तिथे नायलॉक नट (आत नायलॉनचे कडे असलेला, सैल न होणारा नट) वापरावा. आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते: कॅमेऱ्याकडे जाणारी जाड, ताणलेली व्हिडिओ केबल हीसुद्धा कंपनाची वाटच असते. तिच्या जागी पातळ, लवचीक केबल घ्यावी आणि प्लेटांमधून जाताना तिला सैल वळसा द्यावा. मऊ डॅम्पर लावूनही थरथर जात नसेल, तर मी सर्वांत आधी ही केबलच तपासतो.