औषध ‘लागू पडलं नाही’ म्हणण्याआधी
सवय लागेल या भीतीने पालक मुलांच्या एडीएचडीच्या (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) गोळ्या मध्येच थांबवतात, हे निरीक्षण मला पटतं. पण नुकसान औषधागणिक वेगळं असतं. मिथाइलफेनिडेट या औषधाच्या साध्या गोळीचा असर साधारण 4 तासांत ओसरतो. एखादा डोस चुकला तर तेवढाच दिवस जातो. अ‍ॅटोमॉक्सेटिन हे दुसरं औषध मात्र रोज घ्यावं लागतं आणि पुरता परिणाम दिसायला 4 ते 6 आठवडे, कधी जास्तही लागतात. दुसऱ्याच आठवड्यात सोडलं तर औषधाची परीक्षा झालीच नाही.

शिवाय मिथाइलफेनिडेट उतरताना काही मुलं चिडचिडी, रडवेली होतात. आईवडिलांना दिसते ती नेमकी हीच संध्याकाळ. शाळेतली सुधारणा शिक्षक पाहतात. ‘गोळीनेच बिघडला’ हा समज बऱ्याचदा इथला. शिक्षकांनी भरलेली प्रश्नावली डॉक्टरांना दाखवा, मात्रा, वेळ किंवा गोळीचा प्रकार बदलता येतो.