शालेय ग्रंथपालांची दोन दिवसांची कार्यशाळा: भाषणं टाळून प्रत्यक्ष काम कसं घ्यायचं?

पानखूण (प्रश्न)

आमच्या तालुक्यातल्या माध्यमिक शाळांच्या ग्रंथपालांसाठी दिवाळीनंतर दोन दिवसांची कार्यशाळा घ्यायची आहे. ३२ जण येतील. त्यातले बहुतेक अर्धवेळ आहेत आणि काहींकडे तासिकांचाही भार आहे. जागा एका हायस्कूलच्या संगणक कक्षात मिळाली आहे. तिथे १८ चालू संगणक आहेत, इंटरनेट अधूनमधून मिळतं. वेळ सकाळी १० ते ५.

मागणी तीन गोष्टींची आहे: ग्रंथालयाचं संगणकीकरण, मराठी पुस्तकांचं ड्युई वर्गीकरण (विषयानुसार पुस्तकांना अंक देण्याची पद्धत) आणि वाचन तास कसा घ्यायचा. काहींना थेट 'कोहा' हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर शिकायचं आहे. दोन दिवसांत हे सगळं बसेल का? बसत नसेल तर काय सोडावं? सहभागींनी येताना काय आणावं, आणि परत गेल्यावर शाळेत काम खरोखर सुरू होण्यासाठी काय करता येईल?

---

दाखलनोंद

कोहा सोडा. सॉफ्टवेअर उत्तमच आहे आणि मोफतही आहे, पण ते लिनक्स सर्व्हरवर चालतं. ते बसवणं, रोजचा बॅकअप, आवृत्ती बदलणं हे करायला शाळेत माणूस लागतो. शिवाय देवनागरीत शोध नीट चालण्यासाठी त्याच्या शोधसूचीची (इंडेक्स) मांडणी 'आयसीयू' या युनिकोड मजकूर हाताळणाऱ्या प्रणालीवर बदलून घ्यावी लागते. हे राहून गेलं की नोंद असूनही पुस्तक सापडत नाही आणि लोक सॉफ्टवेअरवर खापर फोडतात. कार्यशाळेत कोहाच्या पडद्यांचं प्रात्यक्षिक पाहून गेलेला ग्रंथपाल शाळेत जाऊन काहीच करू शकत नाही, कारण तिथे सर्व्हरच नसतो.

पहिला पूर्ण दिवस दाखल नोंदवही (ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमांकवार नोंद असलेली वही) स्प्रेडशीटमध्ये उतरवण्याला द्या. ही फाइल शुद्ध असेल तर पुढे कोहात, केंद्र सरकारच्या एनआयसीच्या 'ई-ग्रंथालय' सॉफ्टवेअरमध्ये, कुठेही नेता येते. अशुद्ध असेल तर सगळं पुन्हा टंकावं लागतं.

प्रत्येकाने आपल्या शाळेतली २० पुस्तकं आणावीत, शक्यतो वेगवेगळ्या कपाटांतली: पाच जुनी (१९७० च्या आधीची मिळाली तर फार चांगलं), पाच बालसाहित्याची, पाच माहितीपर, पाच कथा-कादंबऱ्या. त्याच पुस्तकांच्या दाखल नोंदींच्या पानांचे मोबाइलवर फोटो. मूळ नोंदवही शाळेबाहेर आणायला सांगू नका, ते अभिलेख आहेत.

दोघांची एक जोडी, म्हणजे १६ संगणक लागतात आणि दोन राखीव राहतात. एकाने वाचायचं, दुसऱ्याने टंकायचं, दर दहा पुस्तकांनी अदलाबदल. पहिल्या पाच नोंदींना पाच-पाच मिनिटं लागतात, मग वेग तीन मिनिटांवर येतो. चाळीस नोंदींना सव्वादोन तास धरा.

स्तंभ असे ठेवा: दाखल क्रमांक, दाखल तारीख, लेखक, शीर्षक, प्रकाशक, प्रकाशन वर्ष, पृष्ठं, किंमत, पुरवठादार, बिल क्रमांक व तारीख, आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक), वर्गांक (विषयाचा ड्युई अंक), शेरा. एका प्रतीला एक ओळ. पाच प्रती असतील तर पाच ओळी. 'प्रती ५' असं लिहून एक ओळ केली की देवघेव मोजताच येत नाही.

आता चुका कुठे होतात ते, कारण कार्यशाळेचा खरा वेळ इथेच द्यायला हवा:

• अंकांची सरमिसळ. एकाने वर्ष मराठी अंकांत लिहिलं, दुसऱ्याने इंग्रजी अंकांत. संगणकाला ती दोन वेगळी चिन्हं वाटतात, क्रमवारी मोडते आणि बेरीज चुकते. संख्यांच्या स्तंभांत सगळीकडे इंग्रजी अंक, हा नियम पहिल्याच तासाला फळ्यावर लिहा.

• आयएसबीएनचा स्तंभ टंकण्याआधी 'मजकूर' प्रकारचा करून घ्या. नाहीतर तेरा अंकी क्रमांकाचं एक्सेल घातांकाच्या रूपात कडबोळं करतं. २००७ च्या आधीच्या दहा अंकी क्रमांकांत शेवटी इंग्रजी एक्स असू शकतो. ती चूक समजून खोडू नये.

• ऱ्य आणि ऱ्ह. 'किनाऱ्यावर' हा शब्द दोन प्रकारे टंकता येतो: एकात स्वतंत्र ऱ असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, शोधात मात्र एक सापडतो आणि दुसरा नाही. ॲ चंही तसंच. सगळ्यांनी एकच कळफलक वापरावा, आणि दिवसअखेरीस 'शोधा व बदला' करून एकच रूप ठेवावं.

• लेखकाची नावं. 'वि. वा. शिरवाडकर', 'शिरवाडकर वि वा' आणि 'शिरवाडकर, वि. वा.' हे संगणकासाठी तीन लेखक आहेत. आडनाव, स्वल्पविराम, आद्याक्षरं, प्रत्येक आद्याक्षरानंतर बिंदू, हे ठरवून घ्या. टोपणनाव असेल तर लेखकाच्या स्तंभात पुस्तकावर छापलेलं नाव आणि शेऱ्यात दुसरं नाव, म्हणजे 'कुसुमाग्रज' शोधणाऱ्याला शिरवाडकरही सापडतील.

• जुन्या पुस्तकांवर शके असतं. त्यात ७८ मिळवा: शके १८७५ म्हणजे १९५३. (जानेवारी ते मार्चमधलं असेल तर ७९, पण पुस्तकावर महिना क्वचितच असतो, म्हणून ७८ धरून शेऱ्यात मूळ शके लिहून ठेवावं.)

• काही शाळांत आधीच्या याद्या श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतात. फॉन्ट बदलून त्या युनिकोड होत नाहीत, परिवर्तक वापरावा लागतो आणि नंतर जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावी लागतात.

• फाइल एक्सेलच्या नेहमीच्या स्वरूपातच जतन करा. साध्या सीएसव्हीत जतन केली की देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात आणि ती परत अक्षरं होत नाहीत. सीएसव्ही हवीच असेल तर यूटीएफ-८ लिहिलेला पर्याय निवडायचा.

शेवटी प्रत्येकाकडून आपल्या शाळेचा हिशेब करून घ्या. तासाला २० नोंदी, ४,००० पुस्तकं, म्हणजे २०० तास. रोज एक तास दिला तर साधारण एक शैक्षणिक वर्ष. हा आकडा स्वतःच्या हाताने लिहिला की 'कधी होणार' ही धास्ती जाते.

---

वर्गांक

वरच्या सगळ्याशी सहमत. वर्गीकरणाला दुसऱ्या दिवशीची सकाळ पुरे, दोन तास. मात्र ड्युईचा इतिहास आणि दहा मुख्य वर्गांची व्याख्यानं नकोत. त्यात तास जातो आणि हातात एकही वर्गांक येत नाही.

शालेय ग्रंथालयाला वर्गांक फार खोल लागत नाही. माहितीपर पुस्तकांना तीन अंक पुरतात: ५२० खगोल, ५९० प्राणी, ६३० शेती, ९५४ भारताचा इतिहास, ९२० चरित्रं. लोककथांना ३९८.२ द्या, त्या कथा-कादंबऱ्यांत मिसळू नका. मराठी साहित्य ८९१.४६, त्यात कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३.

अडचण इथूनच सुरू होते. शाळेतली निम्मी पुस्तकं ८९१.४६३ मध्ये जातात, मग वर्गांक असून उपयोग नाही. म्हणून त्याखाली लेखकाच्या आडनावाची पहिली दोन अक्षरं आणि त्याखाली शीर्षकाचं पहिलं अक्षर. तक्ते पाहून लेखकाच्या नावाचा अंक काढण्याची पद्धत मराठी नावांना नीट बसत नाही, आणि मुलांना 'देश', 'शिर' ही अक्षरं लगेच वाचता येतात. पहिली ते चौथीच्या चित्रपुस्तकांना वर्गांकच नको. पातळीनुसार रंगीत पट्टी लावा.

सराव असा: ६० कार्डं करा, प्रत्येकावर शीर्षक आणि मलपृष्ठावरच्या मजकुराच्या दोन ओळी. चार-चार जणांचे आठ गट, प्रत्येक गटाला १५ कार्डं. म्हणजे ६० कार्डांचे दोन संच लागतील आणि तीच कार्डं दोन गटांकडे जातील. दोन गटांचे वर्गांक वेगळे आले की चर्चा घडते, आणि शिकणं त्या चर्चेतच होतं. हमखास होणारी चूक म्हणजे शीर्षकावरून वर्ग ठरवणं: नावात 'शाळा' आहे म्हणून कादंबरी ३७० शिक्षणात जाते. कार्डावरच्या दोन्ही ओळी वाचल्याशिवाय कार्ड खाली ठेवायचं नाही, आणि शाळेत पुस्तक हातात असेल तेव्हा अनुक्रमणिका आणि प्रस्तावना पाहायची, असा नियम करा.

अनुवादांचा प्रश्न हटकून येईल. ड्युईच्या नियमाने अनुवाद मूळ भाषेत जातो: बंगालीतून मराठीत आलेली कथा ८९१.४४ मध्ये. पण मूल ती मराठी गोष्टींच्या फडताळावरच शोधतं. शाळेपुरती ती मराठीत ठेवली तर चालेल, फक्त निर्णय 'वर्गीकरण नियम' वहीत तारखेसह लिहा. नवा ग्रंथपाल आला की त्याला तीच वही लागते.

लेबलबद्दलही बोला, कार्यशाळांत ते कुणी सांगत नाही. सगळी लेबलं तळापासून एकाच उंचीवर, समजा ३ सेंमी. त्यासाठी पुठ्ठ्याचं माप कापून घ्या. वर साधी सेलोटेप लावली की ती दोन-तीन उन्हाळ्यांत पिवळी पडते, डिंक कडेने बाहेर येतो आणि शेजारची पुस्तकं चिकटतात. पारदर्शक कव्हरचा तुकडा बरा. पाठ अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा बारीक असेल तर लेबल मुखपृष्ठाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात.

---

वाचनतास

दुसऱ्या दिवशीची दुपार मला वाचन तासासाठी हवी. नोंदी आणि वर्गांक कशासाठी, तर पुस्तक मुलाच्या हातात जावं म्हणून.

३५ मिनिटांची तासिका आणि ५५ मुलं. पुस्तकं वाटण्यात १५ मिनिटं आणि गोळा करण्यात १० गेली तर वाचायला दहा मिनिटं उरतात. वाचन तास फसतो तो इथे, मुलांना आवड नसते म्हणून नाही. उपाय: आठ पेट्या, प्रत्येकीत १२ पुस्तकं. सात-सात मुलांचा गट एका पेटीभोवती बसतो, म्हणजे प्रत्येकाला निवडीला वाव राहतो. पेटीच्या झाकणावर दाखल क्रमांकांची यादी चिकटवा; गटप्रमुख शेवटी तीन मिनिटांत मोजून देतो. पेट्या दर आठवड्याला गटागटांत फिरवा, आठ आठवडे नवीन पुस्तकं लागत नाहीत. कार्यशाळेत सहभागींनीच मुलं होऊन हे घड्याळ लावून करून पाहावं.

त्यानंतर प्रकट वाचनाचा सराव. प्रत्येकाने एक चित्रपुस्तक पाच सहकाऱ्यांना वाचून दाखवायचं, सात मिनिटांत. ऐकणाऱ्यांकडे तपासयादी: पुस्तकाची पानं श्रोत्यांकडे होती का, पान उलटण्याआधी चित्र पाहायला पाच सेकंद मिळाले का, वाक्याच्या शेवटी आवाज पडला का, आधी एकदा वाचून आल्याचं जाणवलं का. आणि गोष्ट संपताच 'यातून काय बोध घेतला?' हा प्रश्न आला का. तो प्रश्न पूर्ण बंद करा. त्याऐवजी 'परत कुठलं पान पाहायचंय?' असं विचारा, मुलं बोलायला लागतात.

पुस्तकं कमी पडत असतील तर 'प्रथम बुक्स' या प्रकाशन संस्थेच्या 'स्टोरीवीव्हर' संकेतस्थळावर मराठी पुस्तकं पातळीनुसार मिळतात. ती क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहेत, त्यामुळे छापून वाटता येतात. फक्त लेखक, चित्रकार आणि परवान्याचं शेवटचं पान कागद वाचवण्यासाठी गाळू नका. इंटरनेट बेभरवशाचं आहे, तेव्हा दहा पुस्तकांच्या पीडीएफ आधीच उतरवून ठेवा.

या विषयात खोलवर जायचं असेल त्यांना टाटा ट्रस्ट्सच्या 'पराग' उपक्रमाचा लायब्ररी एज्युकेटर्स कोर्स सांगा. तो काही महिन्यांचा असतो, त्याची सर दोन दिवसांना येणार नाही.

---

जुनी बांधणी

एक तास हरवलेल्या आणि बाद पुस्तकांसाठी काढाच. कपाटांना कुलूप का असतं? पुस्तक गहाळ झालं तर पैसे आपल्या खिशातून जातील ही भीती. ही भीती जाईपर्यंत पेट्या वर्गात पोहोचणार नाहीत.

केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला नियम २१५ वाचून दाखवा. २०,००० पर्यंत ग्रंथ असलेल्या ग्रंथालयाची पूर्ण पडताळणी दरवर्षी. वर्षभरात देवघेव झालेल्या किंवा वाचायला घेतलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांची घट वाजवी मानता येते, मात्र ती अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणामुळे झालेली नसावी. १,००० रुपयांहून जास्त किमतीचं किंवा दुर्मीळ पुस्तक गेलं तर चौकशी करायची. हा नियम राज्यातल्या अनुदानित शाळांना थेट लागू नाही, पण मुख्याध्यापकांसमोर आणि संस्थेच्या सभेत ठराव मांडताना आधार म्हणून उपयोगी पडतो.

निर्लेखनाची, म्हणजे नोंदवहीतून बाद करायच्या पुस्तकांची, यादी तिथेच करून घ्या: दाखल क्रमांक, शीर्षक, किंमत, कारण. कारण 'जीर्ण' एवढंच लिहू नये. 'पाने ११ ते २६ नाहीत', 'कसर लागून मजकूर गेला', 'अभ्यासक्रम बदलला' असं स्पष्ट लिहावं. समितीच्या सह्या झाल्यावर नोंदवहीत लाल शाईने ठराव क्रमांक आणि तारीख. बाद झालेला दाखल क्रमांक नव्या पुस्तकाला कधीही द्यायचा नाही. तो दिला की पुढची प्रत्येक पडताळणी चुकते.

---

पानखूण

सगळ्यांचे मनापासून आभार. कोहा वगळलं. पहिला दिवस नोंदी, दुसरा दिवस सकाळी वर्गीकरण, मग निर्लेखन, दुपारी वाचन तास. दोन शंका उरल्या. वीज गेली तर काय? आणि अर्धवेळ ग्रंथपालांना दोन दिवस शाळेतून सोडतील का?

---

दाखलनोंद

विजेसाठी: स्प्रेडशीटचे तेच स्तंभ छापलेले ७० कोरे कागद जवळ ठेवा, दर कागदावर २० ओळी. वीज गेली की जोडी कागदावर लिहिते, आली की टंकते. आणि दर दहा नोंदींनंतर जतन, अदलाबदलीच्या वेळीच. फाइल घरी न्यायला प्रत्येकाचा पेनड्राइव्ह सोळा संगणकांत फिरवू नका, एकाचा व्हायरस सगळ्यांकडे जाईल. एका संगणकावर सगळ्या फाइली गोळा करून तिथूनच ईमेल करा.

सोडण्यासाठी: शिक्षणाधिकारी (माध्यमिक) कार्यालयाचं पत्र किमान पंधरा दिवस आधी मुख्याध्यापकांच्या नावे गेलं पाहिजे आणि त्यात 'कर्तव्यावर समजण्यात यावे' हे शब्द हवेत. 'उपस्थित राहावे' एवढंच असलं तर किरकोळ रजा टाकायला लावतात. त्याच पत्रात २० पुस्तकं तात्पुरती बाहेर नेण्याची परवानगीही घाला, नाहीतर लोक रिकाम्या हाताने येतात आणि पहिला दिवस तिथेच संपतो.

उद्घाटन वीस मिनिटांत आटपा, पाहुण्यांना समारोपाला बोलवा. जाताना प्रत्येक जोडीने पुढच्या सहा आठवड्यांत शाळेमागे २०० नोंदींचं लक्ष्य लिहून द्यावं आणि तिसऱ्या आठवड्यात एकमेकांच्या फाइलीतल्या २० ओळी तपासाव्यात. तपासणारा शेजारच्याच शाळेतला असेल अशी जोडी पहिल्याच सकाळी लावा.