प्रत्येक ऑर्डरला हायकोर्ट गाठायचं का?

भोसरीकर: काल एका वकिलांची पोस्ट वाचली. कामावर जखमी झालेल्या कामगाराच्या नुकसानभरपाईच्या केसमध्ये आयुक्तांनी (ही केस चालवणारे अधिकारी) कुठलाही अर्ज फेटाळला की लगेच 227 खाली, म्हणजे खालच्या कोर्टांवर देखरेखीचा हायकोर्टाचा घटनेतला अधिकार, त्याखाली रिट टाका म्हणे. डोकंच फिरलं. या जुन्या केसेस 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखालच्या (2025 मध्ये त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली), त्यात कलम 25अ आहे, 3 महिन्यांत निपटारा अपेक्षित आहे, इथे वर्षं जातात आणि वर हे. मालकाला अपील करायचं तर आधी सगळी रक्कम भरावी लागते, रिटला तशी अट नाही, म्हणून तर त्यांचे वकील मधल्या ऑर्डरींवर उड्या मारतात. तुम्ही कामगारांचे वकीलही तेच करणार? पुरावा संपवा, निकाल घ्या, मग अपील करा.

ॲड. माधवी: कलम 30 वाचलंय का? अपील ठरावीक आदेशांवरच, त्यातही कायद्याचा महत्त्वाचा मुद्दा हवा, 2018 च्या सुजाता केसमध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा तेच सांगितलं. डॉक्टरच्या साक्षीचा अर्ज फेटाळला, कमाईची क्षमता किती टक्के गेली ते शाबीत झालं नाही, तर पुढे तो वस्तुस्थितीचा निष्कर्ष म्हणून हायकोर्ट हात लावत नाही. तेव्हा दाद कुठे मागायची? आणि उशिराचं म्हणाल तर 12 टक्के व्याज चालूच असतं.

भोसरीकर: व्याजावर आज चूल पेटत नाही मॅडम.

प्रेसशॉप: डॉक्टरचा विषय निघालाय म्हणून. भावाची दोन बोटं पॉवर प्रेसमध्ये गेली. सर्टिफिकेटवर अपंगत्वाचे टक्के आहेत, पण कमाईची क्षमता किती गेली ते डॉक्टरांनी लिहिलंच नाही आणि कंपनीचा वकील तेवढंच धरून बसलाय, समन्स काढलं तर ऑपरेशन आहे म्हणून ते आलेच नाहीत. तुमचं 30 नि 227 ठेवा बाजूला, डॉक्टर कोर्टात आणायचा कसा ते सांगा.

अस्थितज्ज्ञ: ओपीडी सोडून यायचं, दिवसभर बाकावर बसायचं, दुपारी कळतं साहेब रजेवर. आम्ही काय रिकामे आहोत? कमिशन नेमा, म्हणजे कोर्टाने माणूस पाठवून दवाखान्यातच जबाब घ्यायचा.

प्रेसशॉप: बोटं गेलेला माणूसही त्याच बाकावर बसतो डॉक्टर, त्याचा तर खाडाही पडतो. सर्टिफिकेट देताना एक ओळ जास्त लिहिली असती तर तुम्हाला बोलवायची वेळच आली नसती.

अस्थितज्ज्ञ: सगळ्यांना एका माळेत ओवू नका. पण ती ओळ लिहायला हवी, हे खरं.

ॲड. माधवी: प्रेसशॉप, साक्षीदार हजर करायला आयुक्तांना कलम 23 खाली दिवाणी कोर्टाचे अधिकार आहेत. समन्स बजावल्याचा रिपोर्ट जोडा, वॉरंटचा अर्ज द्या, जोडीला कमिशनचाही द्या. दोन्ही फेटाळले तर मी रिटच टाकेन.

भोसरीकर: साक्षच बंद केली तर जा, तेवढं मानतो. पण तारीख वाढवली नाही, कागद उशिरा घेतला, असल्या ऑर्डरींसाठी गरिबाला मुंबईच्या चकरा मारायला लावू नका. आणि स्टे नसेल तर खालची केस चालूच राहते, हेही अशिलाला नीट सांगा, नाहीतर तो घरी बसतो आणि इकडे पुरावा बंद होतो.