मदत हवी आहे: न्यूकीला मुलांच्या सर्फिंगसाठी कुठला किनारा, भरतीची कुठली वेळ?

नमस्कार मंडळी. ऑगस्टच्या सुट्टीत इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या न्यूकीला आठवडाभर मुक्काम आहे. मुलगी ९ वर्षांची, मुलगा १२. दोघांना पोहता येतं, सर्फबोर्डवर मात्र पहिलीच वेळ.

तिथला फिस्ट्रल किनारा थेट अटलांटिकला तोंड करून आहे, लाटांना जोर फार. म्हणून टोवन किंवा ग्रेट वेस्टर्न हा किनारा बरा वाटतो. पण उधाणाच्या दिवसांत तिथे भरती-ओहोटीत सहा-सात मीटरचा फरक पडतो. पूर्ण भरतीला वाळू जेमतेम उरते आणि लाट काठावरच आपटते. मग ओहोटी संपून पाणी चढू लागतं ते पहिले दोन-तीन तास मुलांना सोयीचे का? तिथे नेहमी जाणाऱ्यांनी नक्की सांगा.

पाणी १६-१७ अंश, म्हणजे ३/२ मिलिमीटरचा वेटसूट (अंग गरम ठेवणारा रबरी पोशाख, धडाला ३ आणि हातापायांना २ मिमी जाड) हवाच. मानेशी सैल असला की प्रत्येक लाटेला गार पाणी आत शिरतं. लहान मुलांच्या मापाचे भाड्याने नीट मिळतात, की विकतच घ्यावेत?

मुलाला ७ फुटी फोमचा बोर्ड ठरवलाय. मुलीला ६ फुटी द्यावा, की आधी लाल-पिवळ्या झेंड्यांमध्ये, म्हणजे पोहणाऱ्यांच्या हद्दीत, बॉडीबोर्डवर (पोटावर झोपून लाट घ्यायच्या छोट्या फळीवर) लाट ओळखू द्यावी? सर्फबोर्डची हद्द काळ्या-पांढऱ्या चौकटीच्या झेंड्यांची, म्हणजे दोघांवर एकाच जागेवरून लक्ष ठेवता येणार नाही. हीच खरी काळजी आहे.