‘कॉसमॉस’ पाहताना डोळ्यांत पाणी येते, ते नेमके कशामुळे?

गोदाकाठ (प्रश्न)

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरी २०१४ सालची ‘कॉसमॉस’ ही विज्ञानमालिका रोज रात्री एक भाग याप्रमाणे पाहिली. नाशिकला इंदिरानगरच्या आमच्या घरात माझे पंच्याहत्तरीचे सासरे, पाचवीतली मुलगी आणि मी असे तिघेच नियमित प्रेक्षक होतो. यजमान पहिल्याच रात्री अर्ध्या तासात झोपले आणि पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत.

पहिल्या भागाच्या शेवटी निवेदक नील डिग्रास टायसन हे खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांची १९७५ सालची जुनी दैनंदिनी उघडतात आणि त्यात स्वतःचे नाव दाखवतात. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या सतरा वर्षांच्या एका मुलाला, म्हणजे टायसन यांनाच, सेगन यांनी आपल्या विद्यापीठाच्या गावी, इथाकाला बोलावले, दिवसभर प्रयोगशाळा दाखवली, आणि बर्फामुळे परतीची बस सुटली नाही तर आमच्या घरी राहा म्हणून निघताना घरचा दूरध्वनी क्रमांक लिहून दिला, एवढाच तो प्रसंग आहे. त्या वेळी मला जे रडू आले ते आवरेना. आठव्या भागात सूर्य म्हातारा होऊन फुगतो आणि पृथ्वी होरपळते हे पाहून मुलगी घाबरली आणि दोन रात्री माझा हात धरून झोपली. सासरे मात्र दोन्ही वेळा शांत होते. पहाटे रामकुंडावर जाऊन सूर्याला अर्घ्य देण्याचा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम आहे, त्यामुळे सूर्याच्या अंताचे त्यांना वाईट वाटेल असे मला वाटले होते, पण ते म्हणाले, “प्रलय आहे हे आपल्याकडे सांगितलेलेच आहे, यांनी फक्त आकडा दिला.”

माझे दोन प्रश्न आहेत. मुलीला काय सांगावे, हा पहिला. दुसरा माझ्यापुरता आहे. मी वाणिज्य शाखेची पदवीधर. पाहिलेली अंतरे आणि तापमाने दुसऱ्या दिवशी सकाळी मला आठवत नव्हती, दैनंदिनीचे ते पान तेवढे आठवत होते. मग मी विज्ञान पाहिले की एका गुरूची गोष्ट पाहून रडले?

निवृत्त विज्ञानशिक्षक, नाशिकरोड

ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी अनुभवावरून देतो. “अजून पाच अब्ज वर्षे आहेत, काळजी करू नकोस” असे आपण चटकन सांगून मोकळे होतो, आणि त्याचा उपयोग होत नाही, कारण दहा वर्षांच्या मुलाला पाच वर्षे आणि पाच अब्ज वर्षे सारखीच लांब वाटतात. आधी तिला नेमकी कशाची भीती वाटली ते विचारा. माझ्या वर्गात हाच धडा शिकवताना एका मुलाने “मग गोदावरीचे काय होईल?” असे विचारले होते. त्याला सूर्याचे काही नव्हते, नदीची काळजी होती. त्याला मी खरे तेच सांगितले: सूर्याची प्रखरता हळूहळू वाढत असल्यामुळे सुमारे एक अब्ज वर्षांनी समुद्रसुद्धा टिकणार नाहीत, म्हणजे नदी सूर्याच्या बरीच आधी जाईल. तो गप्प बसला, पण रडला नाही. खोटे सांगितले असते तर ते त्याला दोन-तीन वर्षांत कळलेच असते.

याच मालिकेतले वैश्विक वर्षाचे परिमाण हाताशी घ्या, मात्र त्यात आपल्या गावच्या गोष्टी भरा. विश्वाचे १३८० कोटी वर्षांचे वय एका वर्षात बसवले, तर त्यातला एक दिवस सुमारे ३ कोटी ७८ लाख वर्षांचा आणि एक सेकंद सुमारे ४३७ वर्षांचा होतो. सूर्य आणि पृथ्वी ऑगस्टच्या अखेरीस जन्मतात. अंजनेरी आणि ब्रह्मगिरी हे आपले डोंगर ज्या काळ्या पाषाणाचे बनलेले आहेत तो लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे ३० डिसेंबरच्या सकाळी सहाच्या आसपासचा ठरतो. पांडवलेणीतला सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा शिलालेख वर्ष संपायला जेमतेम चार सेकंद उरले असताना कोरला जातो, आणि शिवरायांचा जन्म होऊन अजून एक सेकंदही पूर्ण झालेला नाही. मी हे फळ्यावर लिहीत असे तेव्हा शेवटच्या ओळीला वर्ग हमखास शांत होई. गहिवर म्हणायचा तर तोही गहिवरच होता, आणि तो केवळ भागाकारातून आलेला होता. तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नातला “विज्ञान की गोष्ट” हा पर्याय मला फारसा पटत नाही.

शंकेखोर

मला थोडे विरोधी लिहायचे आहे. सेगन यांच्या १९८० च्या मूळ मालिकेच्या तेराव्या भागात अलेक्झांड्रियाचे प्राचीन ग्रंथालय आणि गणितज्ञ हायपेशियाचा खून अशा रीतीने एकापाठोपाठ येतात, की जमावाने त्या विदुषीला मारले आणि प्राचीन जगाचे ज्ञान तिच्यासोबतच जळाले, असे पाहणाऱ्याच्या मनावर ठसते. महाविद्यालयात असताना तो भाग पाहून मी ढसाढसा रडलो होतो. पुढे वाचल्यावर समजले, की ते ग्रंथालय काही शतकांपासूनच क्षीण होत आले होते, त्याची शाखा जिथे होती ते सेरापियमचे मंदिर ३९१ मध्ये पाडले गेले होते, आणि ४१५ मधील हायपेशियाचा खून इजिप्तचा रोमन प्रांताधिकारी ओरेस्टीस आणि बिशप सिरिल यांच्यातल्या सत्तासंघर्षाच्या काळात झाला. खून खरा आणि भीषणच होता. पण ज्या आगीसाठी मी रडलो होतो ती त्या दिवशी लागलेलीच नव्हती, आणि आपण फसवले गेलो ही भावना माझ्या मनातून बराच काळ गेली नाही.

२०१४ च्या मालिकेतही पहिला भाग अनंत विश्वाची कल्पना मांडणाऱ्या जिओर्दानो ब्रूनोवर रेंगाळतो. त्याला १६०० साली रोममध्ये जाळले हे खरे, परंतु त्याच्यावरचे बरेचसे आरोप धर्मशास्त्रीय होते. तो वैज्ञानिक नव्हता आणि त्याची कल्पना म्हणजे नशिबाने जमलेला अंदाज होता, हे मालिका स्वतःच सांगते. मात्र ते वाक्य येते तोवर प्रेक्षकाचा ऊर भरून आलेला असतो आणि ते कानांवरून निघून जाते. दैनंदिनीचा प्रसंग अस्सल आहे, त्यासाठी ताई खुशाल रडोत. माझे म्हणणे इतकेच आहे, की ज्या प्रसंगाला सर्वांत जास्त रडू येते, तो प्रसंग दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात जाऊन तपासावा.

षड्ज

ज्या प्रसंगाला रडू आले तो एकदा आवाज बंद करून पाहावा, असे मी सुचवीन. २०१४ च्या मालिकेला अ‍ॅलन सिल्वेस्ट्री यांचे संगीत आहे, १९८० च्या मालिकेत व्हॅन्जेलिस यांच्या रचना आहेत, आणि दोन्हीकडे आपला गळा नेमका कुठे दाटून यायचा ते दिग्दर्शकाने स्वरांवरच सोपवलेले आहे. यात फसवणूक काही नाही. कीर्तनकारही अभंग नुसता वाचून दाखवत नाहीत.

जाता जाता एक सांगतो. १९७७ मध्ये सोडलेल्या व्हॉयेजर अंतराळयानांवर ज्या सोनेरी तबकड्या आहेत, त्यांतल्या ध्वनींची निवड सेगन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली, आणि त्यात सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. व्हॉयेजर-१ हे यान ५ सप्टेंबरला निघाले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. मैफल भैरवीने संपते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या दोन तारखा शेजारी ठेवल्यावर वेगळ्या पार्श्वसंगीताची गरज पडत नाही.

पंचवटीतून एक वाचक

वरील चर्चेत थोडे खासगी लिहिते आहे. माझ्या वडिलांच्या अस्थी आम्ही रामकुंडात विसर्जित केल्या. तिथल्या अस्थिविलय तीर्थात अस्थी विरघळतात अशी श्रद्धा आहे. मी ती बाळगतही नव्हते आणि तोडतही नव्हते, भाऊ करील तसे करत होते. त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी मी ही मालिका पाहिली. आपल्या हाडांतले कॅल्शियम आणि रक्तातले लोह हे सूर्याच्याही आधी जळून गेलेल्या ताऱ्यांमध्ये घडले आहे, ही गोष्ट मी शाळेत ऐकली असेल, परीक्षेत लिहिलीही असेल. परंतु त्या रात्री “कॅल्शियम” हा शब्द ऐकताच माझ्या डोळ्यांसमोर तांब्याचा तो कलश आला आणि मी दिवाणखान्यातून उठून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

मला सांत्वन मिळाले का असे लोक विचारतात तेव्हा मी “हो” म्हणते, पण ते पूर्ण खरे नाही. बाबा ताऱ्यांत गेले असे मला वाटले नाही, आणि तसे कोणी म्हटले तर मला राग येतो, कारण गेलेल्या माणसाचे कॅल्शियम ही त्या माणसाची जागा नव्हे. वाटले ते वेगळेच. भट्टीतून तुकडे वेचताना मला जी किळस वाटली होती आणि त्या किळसेची जी लाज मी महिनोन्महिने वागवत होते, ती त्या रात्री कमी झाली. आपण हातात काय धरले होते याचा काही अंदाज आला, एवढेच.

गोदाकाठताई, तुम्हाला आकडे आठवत नाहीत म्हणून तुम्ही स्वतःला कमी लेखू नका. मलाही तापमाने आठवत नाहीत. आठव्या भागात सेसिलिया पेन यांची हकीकत आहे, ती मात्र मी विसरणार नाही. तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचे बनलेले आहेत हे त्यांनी १९२५ च्या प्रबंधात दाखवले होते, पण हेन्री नॉरिस रसेल या थोर खगोलशास्त्रज्ञाने ते अशक्य ठरवल्यामुळे आपलाच निष्कर्ष बहुधा खरा नसावा असे त्यांना त्याच प्रबंधात लिहावे लागले. पुढे रसेल यांनी चूक मान्य केली हे खरे. मला तिथे रडू आले नाही, संताप आला, आणि त्या संतापानेच मला हायड्रोजन आणि हेलियम कायमचे पाठ करून दिले.

जुना प्रेक्षक, कॉलेजरोड

परदेशी मालिकांविषयी बरेच लिहून झाले, म्हणून डॉ. जयंत नारळीकरांची आठवण काढतो. १९९० च्या दशकात दूरदर्शनवर त्यांची ‘ब्रह्मांड’ ही मालिका आम्ही पाहिली. तिच्यात डोळ्यांत पाणी आणण्याची कसलीही खटपट नव्हती. एक प्राध्यापक स्वच्छ भाषेत समजावून सांगत होते आणि समोरच्याला कळेल याची त्यांना खात्री होती. त्या खात्रीनेच माझ्यासारख्या मुलाला भारावून टाकले. स्वाक्षरी मागायला येणाऱ्या मुलांना ते म्हणत, की पोस्टकार्डावर विज्ञानातला एखादा प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर लिहीन आणि त्याखाली सही करीन. इथाकाच्या बसथांब्यावर दिलेला दूरध्वनी क्रमांक आणि हे पोस्टकार्ड यांत मला फरक दिसत नाही. ताईंना दैनंदिनीच्या पानावर रडू आले ते विज्ञानाबाहेरचे होते असे मी म्हणणार नाही. एवढ्या मोठ्या विश्वाबद्दल बोलणाऱ्या माणसाने एका मुलाच्या परतीच्या बसची काळजी केली, हे ते रडू असावे.

डिसेंबर २०२१ मध्ये आडगावला चौऱ्याण्णवावे साहित्य संमेलन भरले तेव्हा नारळीकर अध्यक्ष होते, परंतु प्रकृतीमुळे ते नाशिकला येऊ शकले नाहीत. मी मंडपात होतो. विज्ञानकथा लिहिणारा खगोलशास्त्रज्ञ मराठी साहित्याच्या अध्यक्षपदी आहे याचा अभिमान होता, पण डोळ्यांत पाणी वगैरे काही आले नाही. ते आले २० मे २०२५ ला, त्यांच्या निधनाची बातमी वाचताना, आणि तेव्हा डोळ्यांसमोर ना कृष्णविवर होते ना आकाशगंगा. मी स्वतः कधीच न पाठवलेले एक पोस्टकार्ड होते.

गोदाकाठ

सर्वांची आभारी आहे. पंचवटीच्या ताईंचे लिखाण मी सासऱ्यांना वाचून दाखवले. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि ते काही बोलले नाहीत.

शंकेखोर यांच्या सूचनेप्रमाणे दैनंदिनीचा प्रसंग तपासला. तो दिवस २० डिसेंबर १९७५ चा होता, आणि सेगन यांचे निधन १९९६ मध्ये त्याच तारखेला झाले आहे. षड्ज यांच्या सांगण्यावरून आवाज बंद करूनही पाहिला. तरी रडू आलेच, थोडे कमी आले.

मुलीला सरांचा हिशेब दिला. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ३० डिसेंबरच्या चौकोनात तिने पेन्सिलीने “सकाळी सहा, अंजनेरी” असे लिहिले आहे. त्र्यंबकेश्वराचे पेशवेकालीन मंदिर कुठे लिहायचे, असे आजोबांनी विचारले, तर त्याला चौकोन मिळत नाही, ते टाळी वाजेपर्यंत होऊन जाते, असे तिने त्यांना समजावून सांगितले. मग तिने स्वतःहून पुढचा भागाकार केला. समुद्र आटणार ते पुढच्या जानेवारीच्या अखेरीस, आणि सूर्य फुगणार तो मे महिन्याच्या मध्यावर, म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत. हे लिहायला भिंतीवर जागा नाही अशी तिची तक्रार होती, म्हणून आज संध्याकाळी ती आजोबांबरोबर नवीन वर्षाची दिनदर्शिका आणायला मेनरोडला गेली आहे.