से, टेल, स्पीक, टॉक : मराठीच्या आधाराने शिकवावं का?

अक्षरवेल :
इंग्रजीच्या वर्गात मराठीला पूर्ण बंदी हवी, हे मत मला कधीच पटलेलं नाही. या चार क्रियापदांच्या बाबतीत तर मुळीच नाही. 'ही सेड मी' हीच चूक बघा. अर्थ पाठ करून ती जात नाही, कारण 'से' आणि 'टेल' यांचे अर्थ जवळजवळ सारखेच आहेत. फरक आहे तो क्रियापदाशेजारी कोण बसतं याचा. 'टेल'ला ऐकणारा माणूस थेट लागतो : 'ही टोल्ड मी'. 'से'ला आधी बोललेले शब्द हवेत. माणूस आणायचाच असेल तर 'टू' घेऊन : 'ही सेड टू मी'.

मराठी माणसाला हे मुळातच ठाऊक असतं. 'सांगितलं' ऐकलं की 'कोणाला?' असं आपण विचारतो. 'म्हणाला' ऐकलं की 'काय?' असं. व्याकरणही तेच दाखवतं : 'तो म्हणाला', 'तो बोलला', पण 'त्याने सांगितलं'. म्हणून म्हणणे म्हणजे 'से', सांगणे म्हणजे 'टेल', बोलणे म्हणजे 'स्पीक' आणि 'टॉक', हे पहिल्याच दिवशी सांगून टाकावं.

तिरकीरेघ :
पूर्ण असहमत. ज्याने दुखणं झालं तेच औषध म्हणून देताय तुम्ही. 'तो मला म्हणाला' यातला 'मला' थेट येतो ना? 'ही सेड मी' तिथूनच तर येतं! 'ती खोटं बोलली' वरून मुलं 'शी स्पोक अ लाय' लिहितात; इंग्रजीत तिथे 'टोल्ड' हवं. 'मला समजाव' वरून 'एक्स्प्लेन मी', 'त्याबद्दल चर्चा करू' वरून 'डिस्कस अबाउट'. पहिल्यात 'टू' राहून जातो, दुसऱ्यात 'अबाउट' फुकटचा घुसतो. आणि 'ने'चं म्हणाल तर 'त्याने श्लोक म्हटला' हेही मराठीच आहे. मुलांना अख्खी वाक्यं ऐकवा, वाचू द्या, बोलू द्या. जोड्या लावायला शिकवू नका.

अक्षरवेल :
'श्लोक म्हटला' यात ठरलेले शब्द उच्चारले जातात, आणि इंग्रजीतही प्रार्थनेला 'से'च चालतं : 'से अ प्रेयर'. म्हणजे तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. स्पॅनिशमध्ये 'से' आणि 'टेल' दोन्हींसाठी 'देसिर' हे एकच क्रियापद आहे, त्यामुळे तिथले शिकणारेही इथेच अडखळतात. आपल्याकडे दोन वेगळी क्रियापदं आयती आहेत, ती वापरायचीच नाहीत?

शब्दवेडा :
दोघांनाही एक प्रश्न. 'टेल द टाइम', 'टेल द डिफरन्स' यांत ऐकणारा माणूस कुठे आहे? 'टेल'चा जुना अर्थ मोजणे असाही होता. बँकेतला 'टेलर' म्हणजे पैसे मोजणारा, 'ऑल टोल्ड' म्हणजे सगळे मोजून. जर्मनमध्ये आजही 'त्सेलन' म्हणजे मोजणे आणि 'एर्त्सेलन' म्हणजे गोष्ट सांगणे. अक्षरवेल यांचा नियम रोजच्या वाक्यांना पुरेल, पण असे प्रयोग, आणि 'टेल द ट्रुथ', 'टेल अ लाय' हेसुद्धा, आहेत तसे लक्षात ठेवावे लागतात. याबाबतीत तिरकीरेघ यांचं बरोबर आहे.

पाणपोई :
सगळे 'से' आणि 'टेल'मध्येच अडकलेत. खरी गंमत 'स्पीक' आणि 'टॉक'मध्ये आहे, आणि तिथे मराठीचा आधार सुटतो, कारण आपण दोन्हीकडे 'बोलणे'च वापरतो. 'टॉक'मध्ये सहसा दोन बाजू असतात, आपलेपणा असतो. 'स्पीक' जास्त औपचारिक : सभेत, भाषणात, फोनवर 'मे आय स्पीक टू…' म्हणताना. भाषा येते हे सांगायलाही 'स्पीक'च : 'शी स्पीक्स जर्मन'. वरिष्ठ 'कॅन वुई टॉक?' म्हणाले तर माणूस खुर्ची ओढून बसतो. तेच 'आय वॉन्ट टू स्पीक टू यू' म्हणाले तर आपलं काय चुकलं हे आठवू लागतो. तरीही सरसकट विभागणी होत नाही. 'टॉक बॅक' म्हणजे उलट उत्तर देणं, त्यात कसला आपलेपणा? हा फरक कानानेच कळतो, तक्त्याने नाही.

तिरकीरेघ :
हेच तर मी म्हणतोय. आणि जे 'स्पीक-टॉक'ला लागू, ते 'से-टेल'ला का नाही?

अक्षरवेल :
कारण 'स्पीक' आणि 'टॉक' अदलाबदल केले तर बहुतेक वेळा फक्त सूर बदलतो, वाक्य उभं राहतं. 'ही सेड मी' उभंच राहत नाही. जिथे वाक्य मोडतं तिथे नियम हवा, आणि तो मुलाला स्वतःच्या भाषेतून मिळाला तर परीक्षेच्या कागदावरही आठवतो. 'खोटं बोलणे'सारखे अपवाद त्याच तासाला फळ्यावर वेगळे लिहून द्या ना, कोणी अडवलंय?

तिरकीरेघ :
अपवाद फळ्यावर मावले तर! 'से सॉरी', 'से येस' जमतात तुमच्या जोडीत, मान्य. पण पाटीवर काहीतरी लिहिलंय हे सांगायला इंग्रजीत 'द साइन सेज' म्हणतात. आपण 'पाटी म्हणते' म्हणतो का?